पाच क्रॅश, चार कोड, एक ड्रायव्हर

रोज बंद पडणारं मशीन दुरुस्त करायला सोपं. बिघाड समोरच उभा असतो, हात घातला की सापडतो. आठवड्यातून एकदा, तेही लहर लागेल तेव्हा बंद पडणारं मशीन मात्र रडकुंडीला आणतं. तुम्ही बघायला बसलात की ते गुणी बाळासारखं चालतं. तुम्ही काहीतरी बदललं आणि चार दिवस शांत गेले की बिघाड बरा झाला म्हणून हात झटकता. मग पाचव्या दिवशी फोन येतो.

ताईंचा लॅपटॉप असाच होता. ताई अनुवादाचं काम करतात, त्यामुळे दिवसातले आठ-दहा तास मशीन चालू. विंडोज ११, १६ जीबी रॅम, दोन-तीन वर्षांचं वय. टेबलावर असताना तो डॉकला जोडलेला असायचा: मोठा मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्कची वायर असं सगळं त्या एका डॉकमधून. उचलून दुसरीकडे नेला की वाय-फायवर. ही डॉकची गोष्ट आत्ता किरकोळ वाटेल, मलाही वाटली होती.

फोनवर तक्रार एका वाक्याची होती. "अरे, तुझ्या त्या यंत्राने आज पुन्हा मान टाकली." पाच आठवड्यांत ही चौथी वेळ. कधी टाइप करताना, कधी मीटिंगमध्ये, एकदा तर ताई चहा घ्यायला उठल्या होत्या आणि परत येईपर्यंत मशीन आपलं आपण रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर येऊन बसलेलं. घरातल्या सगळ्यांचं मत एकच: फॉरमॅट मारून टाका. या सल्ल्याला मी आधी विरोध करतो. फॉरमॅटने बिघाड जातो कधीकधी, पण कशामुळे गेला हे कळत नाही, आणि आठवड्याभरात तीच सॉफ्टवेअर पुन्हा टाकली की तो परतही येतो.

पुरावा कोणी खाल्ला?

विंडोज क्रॅश होताना मेमरीची एक छोटी प्रत लिहून ठेवते. तिला मिनिडम्प म्हणतात आणि ती विंडोज फोल्डरमधल्या मिनिडम्प नावाच्या फोल्डरमध्ये सापडते. मी तो फोल्डर उघडला तर रिकामा. चार क्रॅश होऊन गेलेले आणि एकही फाइल नाही, हे विचित्रच. सेटिंग बघितलं तर डम्प लिहिणं चालू होतं. मग लक्षात आलं की ताईंनी 'कॉम्प्युटर हलका ठेवणारं' एक क्लीनर टाकलं होतं आणि ते दर रविवारी तत्परतेने सगळे डम्प 'कचरा' म्हणून पुसत होतं. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आत कोणी लादी पुसून घ्यावी, तसलं काम.

सुदैवाने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमध्ये काय काय घडलं याची विंडोजची रोजनिशी, क्लीनरच्या तावडीतून सुटला होता. तिथे सिस्टिम लॉगमध्ये दोन नोंदी शोधायच्या. एक, कर्नल-पॉवर ४१: मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. ही नोंद म्हणजे मृत्यूचा दाखला, पण मृत्यूचं कारण त्यात असेलच असं नाही. पुष्कळ लोक '४१ चा एरर' म्हणून घाबरतात आणि पॉवर सप्लाय बदलून मोकळे होतात. दुसरी, बगचेक १००१: हिच्यात क्रॅशचा कोड आणि चार पॅरामीटर असतात. डम्प पुसला गेला तरी ही नोंद राहते.

चार क्रॅशचे चार कोड निघाले: १३९, ३बी, १३ए आणि डी१. त्यातल्या शेवटच्याचा ताईंनी मोबाइलवर फोटोही काढला होता. निळा पडदा, आणि खाली 'व्हॉट फेल्ड'समोर वाय-फायच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे वाय-फायचं उपकरण विंडोजशी जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइलचं नाव. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झाला आहे, पण बोलताना लोक 'ब्लू स्क्रीन'च म्हणतात आणि म्हणत राहतील.)

कोड वाचायची थोडी सवय लागते. दर वेळी ११६ आला असता तर मी सरळ ग्राफिक्सकडे गेलो असतो. दर वेळी ९एफ आला असता तर झोपेतून उठताना कुठलं उपकरण अडतंय ते शोधलं असतं. १२४ म्हणजे बहुतेक वेळा हार्डवेअरच बोंब मारतंय. इथे मात्र चार वेळा चार वेगळ्या गोष्टी. १३९ म्हणजे कर्नलला, विंडोजच्या सगळ्यात आतल्या गाभ्याला, आपल्याच एखाद्या यादीची किंवा रचनेची मोडतोड झालेली दिसली. १३ए म्हणजे कर्नलच्या मेमरीचा हिशोब बिघडला. ३बी म्हणजे सिस्टिमचं एखादं काम करता करता अपवाद उद्भवला. डी१ म्हणजे ड्रायव्हरने, ज्या स्तरावर चूक परवडत नाही अशा स्तरावर, चुकीच्या पत्त्याला हात लावला.

कोड असे विखुरलेले असले की बहुतेक वेळा शक्यता दोनच उरतात. एक तर रॅम खराब आहे, नाहीतर कुठलातरी ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत लिहितोय. दोन्हींत मरतो तो निर्दोषच.

जाता जाता एक गंमत. "मी रोज रात्री बंद करते हो," असं ताई ठामपणे म्हणाल्या. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, बघितला तर शेवटच्या क्रॅशपासून मोजणी चालूच. दोघंही खरं बोलत होते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. त्यात 'शट डाउन' केलं तरी कर्नल आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे गोठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच पुन्हा जागे होतात. खऱ्या अर्थाने नवी सुरुवात फक्त 'रीस्टार्ट'ने होते. ड्रायव्हरचा कुठलाही बदल केल्यावर बंद-चालू नाही, रीस्टार्टच करायचं, हे तेव्हापासून ताईंच्या टेबलावर चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.

इथे मी फसलो

मला सगळं माहीत असूनही मी त्या फोटोला भुललो. वाय-फायच्या ड्रायव्हरचं नाव ढळढळीत समोर, ड्रायव्हर दीड वर्ष जुना, लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवर नवा आलेला. टाकला. क्लीनर काढून टाकलं. डम्पचं सेटिंग 'कर्नल मेमरी डम्प' केलं, कारण छोट्या मिनिडम्पमध्ये मेमरीचा तपशील जवळजवळ नसतो. पेजफाइल, म्हणजे मेमरी कमी पडली तर विंडोज वापरते ती डिस्कवरची फाइल, चालू आहे ना तेही पाहिलं. क्रॅश होताना डम्प आधी पेजफाइलमध्येच उतरतो, ती बंद असेल तर मोठा डम्प मिळेलच याचा भरवसा नाही. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, एकही चूक नाही.

अकरा दिवस काही झालं नाही. ताई खूश, मीही खूश. बाराव्या दिवशी कोड १३९.

अकरा शांत दिवसांना किंमत किती द्यायची, याचा हिशोब मी त्या दिवशी कागदावर मांडला, तो आधीच मांडायला हवा होता. क्रॅश साधारण आठ दिवसांनी एक, आणि कधी येईल त्याचा नेम नाही. असं असताना काहीही दुरुस्त न करता नुसतं बसून राहिलो तरी सलग अकरा दिवस शांत जाण्याची शक्यता चारात एक निघते. म्हणजे माझा 'यश मिळालं' हा निष्कर्ष जवळजवळ नाणं दोनदा उडवून दोन्हीदा छापा पडण्याइतकाच भक्कम होता. सरासरी अंतराच्या तिप्पट, म्हणजे २४ दिवस थांबलो, तर नुसत्या योगायोगाने शांतता राहण्याची शक्यता विसात एकवर येते. तेवढं थांबल्याशिवाय 'झालं' हा शब्द काढायचा नाही, असं ठरवलं.

या पाचव्या क्रॅशने मात्र डम्प दिला, पूर्ण. विनडीबीजी हे मायक्रोसॉफ्टचं डीबगर, म्हणजे डम्प उघडून वाचायचं साधन, फुकट मिळतं. त्यात डम्प उघडून 'अ‍ॅनलाइझ' आज्ञा दिली की ते शेवटी एक नाव सुचवतं. इथे सुचवलं ते विंडोजच्या कर्नलचंच. बहुतेक जण इथे थांबतात आणि म्हणतात, विंडोजच खराब आहे, फॉरमॅट मारा. पण कर्नलचं नाव येणं म्हणजे प्रेत कुठे सापडलं ते कळणं. खून तिथेच झाला असं नाही.

मी त्या मोडलेल्या यादीकडे पाहिलं. कर्नलच्या याद्यांत प्रत्येक नोंदीत पुढच्या आणि मागच्या नोंदीचा पत्ता असतो, आणि पत्ता म्हणजे लांबलचक आकडा, सुरुवातीला एफएफएफएफ असा. इथे पुढच्याचा पत्ता हवा त्या जागी काय होतं? ४४. नुसते चव्वेचाळीस, बाकी सगळी शून्यं. शेजारच्या जागा ठणठणीत.

त्या चव्वेचाळीसने मला रॅमपासून सोडवलं. बिघडलेली रॅम सहसा एखादा बिट उलटा करते. पत्ता थोडासा वाकडा होतो, पण पत्त्यासारखाच दिसतो. इथे कोणीतरी आठही बाइट्स शिस्तीत लिहिले होते आणि लिहिलेला आकडा मोजणीसारखा दिसत होता. कोणाचा तरी काउंटर. आपली जागा समजून कोणीतरी दुसऱ्याच्या जागेत मोजदाद करत होतं.

हे कसं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. कर्नलची मेमरी म्हणजे भाड्याच्या खोल्यांची चाळ समजा. ड्रायव्हर खोली घेतो, काम झालं की किल्ली परत देतो. आमच्या या ड्रायव्हरने किल्ली परत दिली, पण एक डुप्लिकेट खिशात ठेवली, आणि नंतरही येऊन भिंतीवर रेघ मारून जायचा. खोली रिकामी असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. नवा भाडेकरू आला असेल तर त्याच्या हिशोबाच्या वहीवरच रेघ. तो भाडेकरू ती वही उघडेल तेव्हा कोसळेल, कधी दोन सेकंदांनी, कधी तीन तासांनी. भाडेकरू दर वेळी वेगळा, म्हणून कोड वेगळा. एकदा तो वाय-फायचा ड्रायव्हर होता, आणि बिचाऱ्याचा फोटो निघाला.

साध्या प्रोग्रॅमने असा उद्योग केला तर विंडोज त्याला एकट्याला मारते. ड्रायव्हर मात्र कर्नलच्याच घरात, त्याच अधिकारांनी राहतो. त्याला अडवणारं वर कोणी नाही, म्हणून अख्खं मशीन थांबवणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभर मशीनं कोसळली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख, तीही कर्नलमध्ये बसलेल्या ड्रायव्हरने चुकीच्या जागची मेमरी वाचल्यामुळेच.

सापळा

अशा चोराला पकडायला विंडोजमध्येच एक साधन आहे: ड्रायव्हर व्हेरिफायर. विंडोज २००० पासून आहे, पण घरच्या वापरात फारसं कोणी त्याच्या वाटेला जात नाही, आणि उगाच जाऊही नये. त्यातला आपल्या कामाचा भाग म्हणजे 'स्पेशल पूल'. निवडलेल्या ड्रायव्हरला प्रत्येक खोली वेगळ्या इमारतीत दिली जाते, आणि किल्ली परत केली की खोलीचा जिनाच काढून टाकतात. डुप्लिकेट किल्लीवाला आला की धाडकन खाली. म्हणजे मशीन तरीही क्रॅश होतं, पण चूक होते त्याच क्षणी आणि चूक करणाऱ्याच्या नावाने.

लावण्याआधी तीन गोष्टी करून घेतल्या. ताईंच्या कामाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर. रीस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची सेटिंग मागे नेता येतील अशी खूण. आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर. ही तिसरी लोक विसरतात. व्हेरिफायरमुळे मशीन सुरू होतानाच क्रॅश होऊ लागलं तर सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालते तिथे) जाऊन 'व्हेरिफायर रिसेट' करावं लागतं, आणि सेफ मोडच्या वाटेवर बिटलॉकर ती की मागू शकतो. त्या वेळी की त्याच बंद लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये असेल तर रडायचंही बळ उरत नाही.

कोणते ड्रायव्हर निवडायचे? मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचे, हा साधारण नियम. ताईंच्या मशीनवर असे २३ होते. सगळे एकदम लावले तर मशीन गोगलगाय होतं, म्हणून जुने आणि संशयास्पद आधी घ्यायचे, असा विचार करून मी यादी तारखेप्रमाणे लावली. इथे एक खड्डा आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या कित्येक ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख असते. ते जुने म्हणून नव्हे. कंपन्यांचा स्वतःचा ड्रायव्हर आला की तोच वरचढ ठरावा, म्हणून मायक्रोसॉफ्ट मुद्दाम जुनी तारीख टाकते. इंटेलच्या चिपसेटच्या काही नोंदींवर तर १८ जुलै १९६८ आहे, इंटेलचा स्थापनादिवस. यूट्यूब बघून '२००६ चा ड्रायव्हर सापडला' म्हणून उड्या मारणारे लोक मी पाहिले आहेत. आणि ती 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' करून देणारी सॉफ्टवेअर याच तारखांवरून घाबरवतात; ती मी कोणाच्याही मशीनवर ठेवत नाही.

नऊ ड्रायव्हर निवडले: नेटवर्कचे, डॉकचे, साउंडचा एक, आणि काही ज्यांचा मालक पटकन ओळखता आला नाही असे. रीस्टार्ट केलं. सेटिंग खरंच लागलं का ते 'व्हेरिफायर क्वेरी'ने तपासलं.

आणि दोन दिवस काहीच झालं नाही.

या दोन दिवसांत मी स्वतःवर बराच वैतागलो. ताईंना विचारलं तेव्हा कळलं की त्यांची डेडलाइन होती, दोन दिवस त्या टेबलावरून हलल्याच नव्हत्या. 'हलल्या नव्हत्या' या शब्दांवर माझा कान अडकला. मी परत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेलो, या वेळी नेटवर्क प्रोफाइलच्या लॉगमध्ये. तिथे नेटवर्क जोडलं गेलं की १००००, तुटलं की १०००१ अशी नोंद पडते. पाचही क्रॅशच्या वेळा एका बाजूला लिहिल्या, तारेचं नेटवर्क तुटल्याच्या वेळा दुसऱ्या बाजूला. प्रत्येक क्रॅशच्या आधी, पंधरा मिनिटं ते साडेतीन तास या अंतरात, लॅपटॉप डॉकवरून उचललेला होता. ताईंना हा संबंध कधीच दिसला नव्हता आणि दिसणार कसा, साडेतीन तासांपूर्वी लॅपटॉप उचलला होता हे कोणाच्या ध्यानात राहील?

म्हणून तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप मुद्दाम उचलला. काही नाही. परत बसवला, परत उचलला. काही नाही. ताई दारातून बघत होत्या. "असं उचल-ठेव करून दुरुस्त होतं का रे?" मी एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावली, रेघ पाव भागापर्यंत सरकली, आणि चढत असतानाच लॅपटॉप डॉकवरून ओढला. मॉनिटर काळा झाला. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघ दोन-तीन सेकंद तशीच थबकली, मग तोही निळा. कोड डी५, अर्थात 'सोडून दिलेल्या स्पेशल पूलमध्ये ड्रायव्हरने हात घातला', आणि खाली एका फाइलचं नाव. वाय-फायचं नव्हे, ग्राफिक्सचंही नव्हे. आजवरच्या पाच क्रॅशमध्ये एकदाही न आलेलं.

क्रॅश झाल्यावर आनंद होणारे लोक जगात फार थोडे असतील.

डम्प उघडला. स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची उतरंड, खालून वर वाचत गेलो: कर्नलचं टायमर संपल्यावर चालणारं फंक्शन, त्याच्यावर हा ड्रायव्हर, आणि त्याने हात घातला मोकळ्या केलेल्या पत्त्यावर. व्हेरिफायर चालू असताना कोणत्या पत्त्याची मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली याची वही ठेवली जाते. डीबगरमध्ये '८०' या क्रमांकाने ती मागता येते. मागितली. तीच मेमरी काही क्षणांपूर्वी याच ड्रायव्हरने सोडली होती, नेटवर्क कार्ड निघून गेल्यामुळे विंडोजने त्याला 'आता बाजूला हो' म्हटलं तेव्हा. चित्र स्पष्ट झालं. डॉक सुटला की डॉकमधलं नेटवर्क कार्ड गायब होतं. ड्रायव्हर आवराआवर करतो, मेमरी परत देतो, पण आपला चालू टायमर रद्द करायचा विसरतो. दोन-तीन सेकंदांनी टायमर वाजतो आणि काउंटरचा आकडा त्या जुन्या जागी लिहायला जातो. आणि टायमर बहुधा वाहतूक चालू असतानाच लावलेला असतो, म्हणून नुसतं उचल-ठेव करून काही घडलं नाही. एरवी तर त्यातही ती खोली नेमकी दुसऱ्याला दिलेली असावी लागते. इतके योग जुळून यावे लागतात, म्हणून आठवड्यातून एकदाच.

मालक कोण?

"हे काय आहे?" असं फाइलचं नाव दाखवून विचारलं तर ताईंना काही आठवेना. मी फाइलचे गुणधर्म उघडून दाखवले. मग ताई हसल्या. दीड वर्षापूर्वी एका ग्राहकाच्या कामासाठी त्यांनी एक व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करून देणारं सॉफ्टवेअर, टाकलं होतं. काम संपलं, तेव्हा रीतसर अनइन्स्टॉलही केलं. प्रोग्रॅमच्या यादीत ते कुठेही नव्हतं. अनइन्स्टॉलरने खिडकी नेली, आयकॉन नेला, सर्व्हिस नेली आणि नेटवर्कच्या मधोमध बसणारा फिल्टर ड्रायव्हर मागेच ठेवला. पाहुणे गेले, पण त्यांचा कुत्रा ओसरीवर बांधलेलाच.

क्रॅश सुरू झाले मात्र दोन महिन्यांपासून. मध्यंतरीचं वर्षभर का शांत गेलं? कारण डॉक नवा होता. आधी नेटवर्क कार्ड असं अचानक कधी निघूनच जात नव्हतं. मी ताईंना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अलीकडे नवीन काय टाकलं?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही." डॉक त्यांच्या लेखी 'टाकलेलं' नव्हतं, जोडलेलं होतं. आता मी प्रश्न बदलला आहे: नवीन काय टाकलं, काय काढलं, काय जोडलं, असे तीन वेगवेगळे विचारतो.

काढण्याचं काम पाच मिनिटांचं. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'हे कनेक्शन खालील गोष्टी वापरतं' या यादीत, तो फिल्टर टिक लावून बसलेला होता. खूण नुसती काढली तर तो त्या कार्डापुरताच बाजूला होतो, दुसऱ्या कार्डावर राहतो. म्हणून निवडून 'अनइन्स्टॉल' केलं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून 'पीएनपीयुटिल'ने ड्रायव्हरच्या पॅकेजांची यादी काढली. बाहेरून आलेल्या प्रत्येक पॅकेजला विंडोज ओईएम आणि एक आकडा असं नाव देते. कंपनीच्या नावावरून आपलं पॅकेज ओळखून तेवढंच पुसलं. फाइल थेट सिस्टिम फोल्डरमध्ये जाऊन डिलीट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. नोंदी मागे राहतात आणि फाइल गायब, अशा अवस्थेत नेटवर्कच बंद पडू शकतं. मग रीस्टार्ट.

व्हेरिफायर मी आणखी दोन दिवस तसाच ठेवला. फाइल चढत असताना वीस वेळा तरी लॅपटॉप ओढला. काही नाही. मग व्हेरिफायर रिसेट करून पुन्हा रीस्टार्ट. हे विसरलात तर मशीन उगाचच रेंगाळत राहतं आणि एखाद्या निरुपद्रवी ड्रायव्हरच्या छोट्या चुकीसाठीही क्रॅश होत राहतं. वाय-फायचा नवा ड्रायव्हर तसाच राहू दिला. त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

२४ दिवस मोजायला घेतले. सतराव्या दिवशी ताईंचा मेसेज: "इव्हेंटमध्ये पुन्हा ४१ आलाय." (एव्हाना त्या स्वतः इव्हेंट व्ह्यूअर उघडायला शिकल्या होत्या, आणि ही बिघाडापेक्षा मोठी पंचाईत आहे की काय, अशी मला शंका आहे.) मी ती नोंद तपशिलासकट मागवली. बगचेक कोड: शून्य. सोबत १००१ ची नोंद नाही, डम्प नाही. पॉवर बटणाच्या वेळेचा रकाना मात्र भरलेला. म्हणजे मशीन कोसळलं नव्हतं, कोणीतरी बटण दाबून धरलं होतं.

विचारलं. थोडा वेळ काही उत्तर आलं नाही. मग आलं: "वर्ड अडकलं होतं. मला वाटलं, दाबून बघू."

मोजणी मी शून्यावर आणली नाही. चोविसावा दिवस पुढच्या आठवड्यात भरला आणि ताईंनी डॉकवरून लॅपटॉप उचलून तसाच फोटो पाठवला.